भिशीची बस

आमची बस बंद झाली ती पृथ्वीसाठी. हे मला कँटीनमध्ये, पोह्यांची प्लेट हातात असताना सांगण्यात आलं. तोंडातला घास संपेपर्यंत मी पृथ्वीचा आणि बसचा संबंध लावत बसले, आणि घास संपला तरी तो लागला नाही.

सांगणारे होते ज्ञानेश सर. वयानं माझ्या पुतण्याएवढे, ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन आलेले. पण हुद्दा म्हणून आपलं सर म्हणायचं. कंपनीच्या सस्टेनेबिलिटीचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणजे कंपनीमुळे हवेत किती धूर जातो ते मोजायचं आणि दर वर्षी तो कमी करून दाखवायचा. आम्ही चाकणला गाड्यांमधल्या वायरींचे जुडगे बनवतो. ते ज्या मोठ्या कंपनीला जातात तिनं कळवलं होतं की धूर कमी करा, नाहीतर पुढच्या मॉडेलचं काम दुसऱ्याला जाईल.

"बस आपल्या मालकीची आहे," सर म्हणाले. "तिचं डिझेल थेट कंपनीच्या नावावर लागतं. ती विकली की आकडा एकदम खाली."

"आणि आम्ही यायचं कसं?"

"आपापल्या सोयीनं, साधनाताई. टू-व्हीलर, पीएमपीची बस, जसं जमेल तसं."

"म्हणजे एका बसच्या जागी बसभर गाड्या. त्यांच्यातून काय उदबत्तीचा धूर निघणार आहे?"

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. सर मात्र हसले नाहीत, खरंच विचारात पडले. "धूर निघेल," ते म्हणाले, "पण तो तुमचा असेल ना. कंपनीचा नाही."

मी काही फार शिकलेली नाही, पण लाइन लीडर आहे. वायर कुठून निघते आणि कुठे जाऊन बसते हे बघण्यात माझा जन्म गेला. इथे मला एवढंच दिसत होतं की धूर बसमधून निघाला आणि आमच्या स्कूटरींत शिरला. वर आकाशात तो कमी कसा झाला, हे मी घरी जाईपर्यंत शोधत होते.

एक आधीच सांगते. पृथ्वी तापतेय हे मला पटवायला कुणी नको. आमच्या शेडच्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये उभं राहून बघा, आपोआप पटतं. मागच्या उन्हाळ्यात दोन पोरी चक्कर येऊन पडल्या आणि कंपनीनं ताक सुरू केलं. त्यामुळे कुणी धूर कमी करायचा म्हटलं तर मी पहिला हात वर करीन. माझं म्हणणं एवढंच होतं की करताय तर खरोखरच करा.

आणि त्या रात्री मला घाबरायलाही झालं. मी संत तुकाराम नगरला राहते. मेट्रोचं स्टेशन दारात आहे, पण मेट्रो चाकणला जात नाही. माझा नवरा नागसेन भोसरीला कामाला, त्याची पाळी आणि माझी पाळी एकाच वेळेला सुरू होते, म्हणजे तो मला सोडू शकत नाही. मला गाडी येत नाही. लग्नानंतर शिकायला गेले होते, ती नाशिक फाट्याच्या चढावर टँकरच्या पुढ्यात पडले. तेव्हापासून हँडल हातात आलं की माझी बोटं गार पडतात. पीएमपीनं जायचं तर भोसरीला बदला, चाकण चौकात उतरा, तिथून शेअर रिक्षा, आणि मोशीच्या पुढे ट्रॅफिक तुंबलं की सगळंच मुसळ केरात. सकाळच्या पाळीला गेट सातला बंद होतं. उशिराचे लाल शेरे जमत गेले की आधी लीडरपण जातं आणि मग नोकरी. ती नोकरी मला हवी होती. पगारासाठी तर हवीच होती, पण घरात दिवसभर बसले तर मी भिंतींशी भांडेन हे मला ठाऊक होतं.

बस म्हणजे नुसती बस नव्हती, हेही सांगायला पाहिजे. प्रत्येकीची सीट ठरलेली. नवीन पोरगी चुकून माझ्या खिडकीशी बसली तर तिला मी काही बोलत नसे, आजूबाजूच्याच उठवत. येताना मेथी निवडून व्हायची, पोरांच्या शाळेचं रडगाणं व्हायचं, आणि महिन्याला भिशी लागायची. चौदा एप्रिलला पेढे मी वाटायचे, खंडेनवमीला आमचे ड्रायव्हर कोंडाजीभाऊ. खंडेनवमीला ते बस घासूनपुसून झेंडूच्या माळा घालत, स्टिअरिंगला हळदकुंकू लावत. पूजा मी करत नाही, पण माळा ओवायला मी असायचे आणि पेढ्याला तर असायचेच.

बस बंद होणार कळल्यावर दुसऱ्याच दिवशी येताना भिशी निघाली. ती भाग्यश्रीला लागली. भाग्यश्री माझ्या लाइनवरची, शेजारच्या सीटची, नुकतं लग्न झालेली. तिला त्या पैशांत स्कूटी घ्यायची होती. तिनं पाकीट घेतलं, जरा वेळ हातात धरलं, आणि म्हणाली, "ताई, आपणच ही बस घेतली तर?"

सगळ्या तिला वेड्यात काढतील असं मला वाटलं होतं. कुणीच काढलं नाही. भाग्यश्रीनं पाकीट परत ठेवलं. पुढच्या भिशीवाल्यांनी आपले नंबर सोडले, मागच्या सीटांवरच्या पुरुषांनीही वर्गणी घातली. कोंडाजीभाऊंना कंपनी हिशोब करून घरी बसवणार होती, त्यांनी त्या हिशोबाचे पैसे घातले. भाऊ मूळचे मोशीचे, मितभाषी माणूस. म्हणाले, "म्या घरी बसून काय करू? परमिट, पासिंग माझ्याकडं लागलं. तुमी फकस्त रोज या."

अशी आमची बस आम्हीच घेतली. कंपनीचं नाव खरवडून काढलं, तरी उन्हात ते तिरकं बघितलं की वाचता यायचं. तोच रस्ता, तेच थांबे, तेच डिझेल, तोच धूर. पहिल्या दिवशी बस गेटवर आली तेव्हा ज्ञानेश सर समोरच उभे होते. त्यांनी बसकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं.

"छान," ते म्हणाले. "म्हणजे... आता हा धूर नेमका कोणाचा?"

"भिशीचा," मी म्हटलं.

ते हसले, पण त्यांच्या डोळ्यांत माझ्याइतकाच गोंधळ होता. मला त्यांचा राग येईना, हीच पंचाईत. वाईट माणूस असता तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता.

वर्षअखेरीस कंपनीचा आकडा खाली आला, मोठ्या कंपनीकडून प्रमाणपत्र आलं आणि कँटीनमध्ये केक कापला. हिरव्या रंगाचा केक होता. आम्हीही खाल्ला. बस विकून झालेल्या बचतीचा केक बसमधून येऊन खाताना मला काही सुचेना, म्हणून मी आणखी एक तुकडा घेतला.

पुढच्या वर्षी मोठ्या कंपनीचं फर्मान बदललं. आता म्हणे कामगार कसे येतात तेही मोजायचं. मोबाइलवर प्रश्न आले. मी सगळ्यांच्या मागे लागून, एकेकीच्या खांद्यावरून डोकावून, 'बस' भरून घेतलं. मला कोण अभिमान वाटत होता. एवढी माणसं आणि एक इंजिन, आता कळेल म्हटलं यांना.

आठवड्यानं ज्ञानेश सर लाइनवर आले. चेहरा उतरलेला.

"ताई, आकडा फारच कमी आला."

"मग चांगलं झालं की!"

"चांगलंच आहे," ते म्हणाले, "पण आत्ताच आलं." मग त्यांनी स्टूल ओढलं आणि मला समजावून सांगितलं. ही मोजणी चाचणीची, वर्षअखेरीस पुन्हा मोजतील तो आकडा सुरुवातीचा. तिथून पुढे दर वर्षी किती कमी केला ते दाखवायचं. "जिममध्ये वजन उतरवायची स्पर्धा असते ना, तसं. पहिल्या दिवशी ज्याचं वजन जास्त, त्यालाच उतरवून दाखवता येतं."

"आणि आम्ही पहिल्यापासून बारीक, हा आमचा गुन्हा?"

"गुन्हा नाही हो. पण स्पर्धेत तुमचा उपयोग नाही."

"मग आम्ही काय करू? एक वर्ष धूर करू?"

सर स्टूल जागेवर सरकवून निघून गेले. नंतर मला वाटलं, मी हे तोंडातून काढायलाच नको होतं.

कारण महिन्याभरात दोन गोष्टी झाल्या. कंपनीनं कामगार कल्याण म्हणून दुचाकीसाठी बिनव्याजी उचल सुरू केली. आणि गेटवर पाटी लागली की जुन्या डिझेल गाड्यांना आत प्रवेश नाही. आमची बस हायवेच्या कोपऱ्यावर थांबायला लागली, तिथून कंटेनरांच्या मधून, खड्डे चुकवत, चालत यायचं. मी सरांना सरळ विचारलं, या दोन्ही गोष्टी तुमच्या आकड्यासाठी का? ते म्हणाले, "नाही नाही, दोन्ही डिपार्टमेंट वेगळी आहेत." आणि बोलताना बुटांकडे बघत होते. ते खोटं बोलत होते की त्यांनाही माहीत नव्हतं, हे मला आजवर उमगलेलं नाही. रात्री पडल्या पडल्या कधी एक वाटतं, कधी दुसरं.

बसमधली पहिली सीट रिकामी झाली ती भाग्यश्रीची.

"ताई, रागावू नका," ती म्हणाली. "सासूबाईंना घेऊन दवाखान्यातही जावं लागतं. आणि तुम्हाला माहितीये, मला आधीपासूनच घ्यायची होती."

मला माहीत होतं. तिनं तर स्वतःची भिशी बसला दिली होती, तिला कुठल्या तोंडानं बोलणार? मी तिच्या नव्या स्कूटीला झेंडूची माळ ओवून दिली. मग हिची गाडी आली, मग तिची. माणसं कमी झाली तशी वर्गणी वाढली, आणि वर्गणी वाढली तशी माणसं कमी झाली. खंडेनवमीला कोंडाजीभाऊंनी बस नेहमीसारखी सजवली, पण पेढे उरले. त्यांनी ते मला घरी न्यायला दिले.

"ताई, आता न्हाई जमायचं," ते म्हणाले. "डिझेलसुदिक निघंना. मला बी वाईट वाटतंय, पन काय करता?"

"जाऊ द्या भाऊ. तुम्ही खूप केलंत."

"म्या काय केलं? तुमी येत व्हता म्हनून म्या येत व्हतो."

बस भंगारात गेली. मी बघायला गेले नाही.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही, कारण रोज तेच. अंधारात निघायचं, भोसरीला उभं राहायचं, बस आली तर भरलेली, आणि मोशीच्या पुढे हलायचं नाव नाही. खिडकीतून बघावं तर दोन्ही बाजूंनी दुचाक्यांचा पूर, एकेका गाडीवर एकेक माणूस. त्यात आमच्या कंपनीच्या पोरीही दिसायच्या. मला हात करायच्या. मी तेव्हा मनात म्हणायचे, वाढवा गं बायांनो, वाढवा. पुढच्या वर्षी कमी करायचाय.

लाल शेरे जमले. सुपरवायझरनं दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा लाइन लीडर भाग्यश्रीला केलं. ती माझ्यापाशी येऊन रडली. मी रडले नाही, मला फार राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. तिच्यावर तर नाही. सरांवर? पृथ्वीवर? सुपरवायझर म्हणाला, "साधनाताई, आता शेवटचं सांगतो. पुढच्या महिन्यात असंच चाललं तर माझ्या हातात काही राहणार नाही." नागसेन म्हणाला, सोडून दे, जवळपास बघू काहीतरी. पण जवळपास माझ्या वयाच्या बाईला कोण उभं करतंय?

आणि अशात नवीन बस आली.

कंपनीच्या गेटच्या आत, फुगे लावून उभी होती. पांढरीशुभ्र, विजेवर चालणारी, वर हिरवी पानं काढलेली. संत तुकाराम नगर, नाशिक फाटा, भोसरी, मोशी. आमचाच रस्ता! खरं सांगते, मला रडू फुटलं. जे लाइन गेली तेव्हा आलं नव्हतं ते तिथे, फुग्यांसमोर आलं. म्हटलं, झालं गेलं गंगेला मिळालं. धूर नाही, आवाज नाही, आणि दारातून बस. यासाठी दोन वर्षं हाल सोसले असं म्हणायलाही मी तयार होते.

मोठे साहेब बोलले. त्यांनी फीत कापली. मग ज्ञानेश सर हातात टॅब घेऊन दाराशी उभे राहिले आणि एकेक नाव पुकारू लागले. नाव पुकारलं की माणूस पुढे यायचा, गाडीचं पार्किंगचं स्टिकर सरांच्या हातात द्यायचा, टाळ्या व्हायच्या, आणि तो बसमध्ये चढायचा. भाग्यश्री चढली. माझ्या लाइनच्या बहुतेक सगळ्या चढल्या. माझं नाव येईना. पुकारा थांबला तशी मीच पुढे गेले.

"सर, माझं राहिलं."

त्यांनी टॅबवर बोट फिरवलं. "ताई, तुमचं स्टिकर?"

"माझ्याकडे गाडीच नाही. तुम्हाला माहितीये."

"हो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बारीक झाला. "तीच अडचण आहे. ही सीट गाडी सोडणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे ते आधी गाडीनं येत होते, आता बसनं येणार, तेवढा धूर कमी झाला, असं दाखवायचं आहे. तुमच्या नावापुढे कुठली गाडीच नाही. तुम्ही बसलात तर... कमी काहीच होत नाही."

"मी पहिल्यापासून बसनंच यायचे, सर!"

"हो ना."

"मी सगळ्यांकडून बस भरून घेतलं होतं!"

"ताई, मला आठवतंय. पण आता तुम्ही काय सोडताय, ते सिस्टीम विचारते."

मी आत बघितलं. मागच्या दोन ओळी मोकळ्या होत्या. "त्या सीटा कोणाच्या?"

"जे पुढे गाडी सोडतील त्यांच्या."

"मिस्टरांची गाडी दाखवली तर?"

सरांचा चेहरा जरा उजळला. माणूस मनापासून मदत करायला बघत होता, तेच तर सगळ्यात अवघड होतं. "चालेल की! फक्त गेटवर तुमची रोजची नोंद लागेल. काही महिने तुम्ही स्वतः गाडी घेऊन आलात, की स्टिकर मिळेल. मग ते परत करायचं. तोवर मी वर एक मेल टाकून बघतो."

मी त्यांना उभं-आडवं घ्यायला तोंड उघडलं, पण कुठून सुरू करायचं? आतून भाग्यश्रीनं मला खिडकीतून बघितलं. तिनं सवयीनं शेजारच्या सीटवर पर्स ठेवली होती, माझ्यासाठी. दार बंद झालं. बसचा आवाजच येत नव्हता, त्यामुळे ती कधी निघाली ते मला कळलंदेखील नाही.

घरी नागसेन आमटी गरम करत होता. "बस आली म्हणे तुमची? चांगलं झालं बाई, सुटलीस."

"अहो," मी म्हटलं, "मला गाडी शिकवाल का?"

तो चमचा धरून वळला. नाशिक फाट्यावर मला उचलणारा तोच होता. "आता? बस सुरू झाल्यावर?"

"त्या बससाठीच."

"बसमध्ये बसायला गाडी कशाला लागते?"

"सोडायला," मी म्हटलं.

त्यानं मला ते तीनदा समजावून सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना माझं मलाच ते बरोबर वाटायला लागलं.

रविवारी सकाळी आम्ही पिंपरीच्या मैदानावर गेलो. कडेला क्रिकेट चाललं होतं. नागसेनची गाडी जुनी आहे, सुरू झाली की मागून भसकन धूर सोडते. तो मागे बसला, मी पुढे. हँडल हातात घेतलं आणि बोटं गार पडली, अगदी तशीच.

"घाबरू नको. थोडा गॅस दे."

मी दिला. गाडी हिसका देऊन पुढे गेली. वळून बघितलं तर मागे निळा धूर लोंबकळत होता. सगळा माझा होता. मला जरा हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून लाज वाटली.

"अजून दे," नागसेन म्हणाला, आणि मी अजून दिला.